एक्केचाळीस नंबरचं पाकीट

बस आगाराच्या तिकीट खिडकीमागे एकतीस वर्षं बसलेली ही बाई निवृत्त झाली, पण खिडकीतून काही बाहेर आली नाही, असं लोक म्हणायचे आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मध्ये जाळी असल्यासारखी मान जराशी खाली घालून ती अजूनही समोरच्याशी बोलायची, आणि काम संपलं की नजर वर न करता "पुढचं?" म्हणायची. दूधवाल्यालाही म्हणायची. एकदा तर तिने तपासणी संपल्यावर डॉक्टरलाही म्हटलं होतं. सगळी वस्ती तिला खिडकीबाई म्हणे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण आवडलेलं दाखवायची तिला सवय नव्हती.

एकतीस वर्षांत तिचा गल्ला एकदाही कमी भरला नाही. जास्त मात्र एकदा भरला, एका नाण्याने. ते नाणं तिने कागदात गुंडाळून, वर तारीख घालून खणात ठेवलं आणि पुढची दोन वर्षं चारच्या बसच्या नेहमीच्या प्रवाशांना "त्या दिवशी सुटे घ्यायचे राहिले का?" म्हणून विचारून भंडावून सोडलं. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याने कंटाळून "हो बाई, माझंच ते" असं म्हणून सुटका करून घेतली. नोटा मोजताना ती सगळ्या नोटांची तोंडं एका बाजूला करायची, दुमडलेले कोपरे सरळ करायची आणि बोट ओल्या स्पंजावर टेकवायची. बोटाला थुंकी लावणाऱ्या माणसाबद्दल तिचं मत इतकं वाईट होतं की ते इथे न सांगितलेलंच बरं.

अशी बाई आयती हाताशी आल्यावर चर्चच्या मंडळीने तिला रविवारच्या दानाच्या मोजणीवर बसवलं, यात नवल ते काय! मोजणीला नेहमी दोघं असावीत असा नियम होता. दुसरे होते औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेले कंपाउंडर. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. उपासनागृहाच्या मागच्या खोलीत, गायकांचे झगे टांगलेल्या कपाटाशेजारी, एक टेबल होतं. त्याच्या एका टोकाला बसून कंपाउंडर सुटी नाणी मोजत, तीही गोळ्या मोजल्यासारखी, बोथट सुरीने पाच-पाच पुढे ढकलत. दुसऱ्या टोकाला खिडकीबाई पाकिटं फोडायची, रक्कम वहीत लिहायची आणि शेवटी वही त्यांच्याकडे सरकवायची. ते सही करत. वाचून सही करावी असं त्यांना कधी वाटलं नाही, कारण खिडकीबाईचा आकडा तपासणं म्हणजे सूर्य उगवला का ते तपासण्यातला प्रकार होता.

पाकिटांची गंमत अशी, की त्यांच्यावर नाव नसे. नव्या वर्षाच्या आरंभी प्रत्येक घराला बावन्न पाकिटांचा एक खोका मिळे आणि सगळ्या पाकिटांवर त्या घराचा नंबर छापलेला असे. घरं अठ्ठावन्न. कोणता नंबर कोणाचा, हे फक्त मोजणाऱ्या दोघांना आणि पाळकसाहेबांना माहीत. मोजणीतलं बाहेर बोलणार नाही, अशी शपथ दोघांनी वेदीपुढे उभं राहून घेतली होती. ही पद्धत आणली होती पूर्वीच्या एका म्हाताऱ्या पाळकांनी आणि तिच्यात त्यांनी एक कलम घालून ठेवलं होतं. ज्या रविवारी घरात द्यायला काही नसेल, त्या रविवारी पाकीट रिकामंच चिकटवून दानाच्या ताटात टाकायचं, पण टाकायचंच. सलग तीन रविवार एखादं पाकीट रिकामं आलं, की मोजणाऱ्याने पाळकांपुढे उभं राहून नुसता नंबर सांगायचा. नाव नाही, कारण नाही. मग पाळक एकटे त्या घरी जाणार, चहा घेणार आणि मदत निधीतून जे लागेल ते देऊन येणार. मागायला कोणाला तोंड उघडावं लागू नये, यासाठी ही सगळी योजना.

ही पद्धत का आली, ते खिडकीबाईपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? त्याआधी मदत घेणाऱ्यांची यादी वार्षिक सभेत वाचून दाखवत. तिचे वडील गोदामात ओझी वाहायचे. त्यांची पाठ गेली तेव्हा मंडळीने घरी धान्य पाठवलं, कोळसा पाठवला. सभेत चिटणिसांनी हिशोब वाचता वाचता त्यांचं नाव वाचलं, पोती किती तेही वाचलं. त्यात वाईट हेतू काही नव्हता, हिशोब चोख असावा एवढंच. वडील बाकावरून अर्धवट उठले, काय करावं ते न कळून पुन्हा बसले. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि त्यांच्या शेजारीच बसली होती. त्यानंतर मरेपर्यंत वडील उपासनेला आत आले नाहीत. मुलींना सोडायला यायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर कुंपणाच्या भिंतीशी उभे राहायचे.

मुली दोन. धाकटी तेव्हा दोन वर्षांची, आईच्या मांडीवर झोपलेली. पुढे आईही गेली आणि धाकटीला खिडकीबाईनेच वाढवलं. त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. धाकटीचं मात्र तिने थाटात लावून दिलं, छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर काम करणाऱ्या एका गरीब स्वभावाच्या माणसाशी. त्यांना एकच मुलगी. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मावशीच्या कौतुकाचा विषय होती. धाकटीच्या घराचा नंबर एक्केचाळीस.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर खिडकीबाई घरखर्चाचा वर्ग घ्यायची. टेबलावर तीन डबे मांडायची, एक देवाचा, एक उद्याचा, एक आजचा.

"पैसा हातात आला की आधी कुठे जाणार?" ती विचारायची.

"देवाच्या डब्यात," बायका एका सुरात म्हणायच्या.

"दहातला एक देवाचा. दहातला एक उद्याचा. उरलेल्या आठात संसार. आठात भागत नसेल तर घरात काहीतरी जास्तीचं आहे, ते शोधा."

एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "आणि बाई, आठच नसतील तर?"

"तर रिकामं पाकीट टाका," खिडकीबाई ताडकन म्हणाली. "लाज कसली त्यात? देवाला काय आपलं घर दिसत नाही?"

धाकटी तिसऱ्या बाकावर बसून हे ऐकत होती.

त्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात छापखान्याच्या यंत्राने धाकटीच्या नवऱ्याच्या उजव्या हाताची चार बोटं घेतली. खिडकीबाई दवाखान्यात धावत गेली, तीन रात्री बाकड्यावर बसून काढल्या, बहिणीला जबरदस्तीने खायला घातलं. आणि चौथ्या दिवशी, जे बोलायला नको होतं तेच बोलली.

"मी तुला किती वर्षं सांगतेय, सहा महिन्यांचा पगार बाजूला असू दे. आहे ना?"

धाकटीने एक क्षण तिच्याकडे बघितलं. "आहे गं, ताई. आणि मालक अर्धा पगार देणार आहेत."

मालकाने अर्धा पगार दिला, तीन महिने. नंतर त्याने नवा माणूस ठेवला आणि यांना भेटायचं टाळायला लागला. हे धाकटीने कोणालाच सांगितलं नाही. एकदा 'आहे' म्हणून बसल्यावर 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणायचं? पाकिटात मात्र ती पूर्वीसारख्याच शंभराच्या तीन नोटा टाकत राहिली, अर्ध्या पगारातही आणि पगार बंद झाल्यावरही, अठराव्या रविवारपर्यंत.

एकोणिसाव्या रविवारी खिडकीबाईने एक्केचाळीस नंबरचं पाकीट फोडलं आणि आत बोट घातलं, तर आत काहीच नव्हतं. तिने पाकीट उजेडात धरून पाहिलं, उलटं करून झटकलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कंपाउंडर पाच-पाच नाणी ढकलत होते. खिडकीबाईला बहिणीचं सगळं घर त्या पाकिटात दिसलं. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, आपली पर्स उघडली, तीन नोटा काढल्या, कोपरे सरळ केले आणि वहीत एक्केचाळीसपुढे तीनशे लिहिलं.

एकतीस वर्षांत जिने एका नाण्याची खोटी नोंद केली नाही, त्या बाईने हे केलं, आणि केल्यावर तिला चक्क बरं वाटलं. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं शास्त्र सांगतंच की! बहिणीला कळणार नाही, पाळकांना कळणार नाही, शेजारी बसलेल्या कंपाउंडरनाही कळणार नाही. याहून गुप्त दान कोणतं? घरी जाताना ती मनातल्या मनात थोडी फुशारलीसुद्धा.

पुढच्या रविवारी पाकीट पुन्हा रिकामं आलं. तिसऱ्या रविवारी पुन्हा. आता नियमाप्रमाणे तिने पाळकसाहेबांपुढे उभं राहून नंबर सांगायचा होता. ती त्यांच्या दारापर्यंत गेलीही. पण हे पाळक तरुण होते, मनाने चांगले होते, आणि बोलघेवडे होते. आणि मदत निधीतून दिलेल्या पैशाचा हिशोब बघणारी समिती पाच जणांची. पाच तोंडं म्हणजे किती कान, याचा हिशोब तिने दारातच केला. मग तिला कुंपणाच्या भिंतीशी उभे असलेले वडील आठवले आणि आपल्या तोंडून आपल्याच बहिणीचा नंबर काढायचा, ही कल्पना तिला सोसेना. ती दारातून परत फिरली.

तेव्हापासून दर रविवारी तिच्या पर्समध्ये वेगळ्या काढलेल्या तीन नोटा असायच्या. स्वतःचा दशांश ती सात नंबरच्या पाकिटातून देतच होती, त्यामुळे या नोटा पेन्शनीतल्या आठातून जायच्या. तिने नवा चष्मा पुढे ढकलला. बस सोडून चालायला लागली. "व्यायाम गं," असं विचारणाऱ्यांना सांगायची.

बहिणीकडे जाणं तिने थांबवलं नाही. मोजणीत कळलेलं बाहेर काढायचं नाही, तेव्हा 'तुझ्याकडे पैसे नाहीत का' हे विचारायची सोय नव्हती. पण धाकटी आपणहून सांगेल, अशा आशेने ती विषय जवळपास नेत राहायची, आणि नेमका चुकीच्या वाटेने न्यायची. एकदा गेली तर खिडकीखालचं शिवणयंत्र जागेवर नव्हतं. फरशीवर त्याच्या चार पायांच्या चार खुणा तेवढ्या होत्या.

"यंत्र कुठे गेलं?"

"दुरुस्तीला दिलंय."

चहा काळा होता. दूध नासलं म्हणे. धाकटीचा नवरा कोपऱ्यात बसून डाव्या हाताने अक्षरं गिरवत होता. त्याने मान वर केली नाही.

"बचतीचं काय करतेस?" खिडकीबाईने विचारलं. "उद्याच्या डब्यात पडतंय ना काही?"

धाकटी कपाची कड पुसत राहिली. "पडतंय की." मग थोड्या वेळाने, कपाकडेच बघत, तिने विचारलं, "तुझी मोजणी कशी चाललीये, ताई?"

"चाललीये."

"पाकिटं सगळी येतात?"

"येतात."

"काही... वेगळं वाटत नाही तुला?"

खिडकीबाईने आपल्या शपथेला घट्ट धरलं. "मोजणीतलं बाहेर बोलायचं नसतं, तुला माहीत आहे ना?" आणि मान खाली घालून, सवयीने, "पुढचं?"

धाकटी उठून कप विसळायला गेली. विसळायला दोनच कप होते, पण तिला बराच वेळ लागला.

पाळकसाहेबही अगदीच डोळे मिटून बसले नव्हते. उन्हाळा सरता सरता त्यांनी खिडकीबाईला गाठलं. "बाई, छापखानेवाल्यांकडे ठीक आहे ना? मी जाऊन यावं का, विचार करत होतो. पण उगाच गेलो तर त्यांना वाटेल, मी त्यांना गरजू समजतो."

यापेक्षा उघडं दार दुसरं कुठलं असणार होतं? ती नुसतं 'जाऊन या' म्हणाली असती, तरी शपथ मोडली नसती.

"पाकीट येतंय, साहेब," खिडकीबाई म्हणाली. "दर रविवारी. भरलेलं."

"मग प्रश्नच नाही," पाळकसाहेब मोकळे होऊन म्हणाले, आणि तो विषय तिथे मिटला.

वर्ष संपलं. वर्षाच्या शेवटी प्रत्येक नंबरला एक पावती जाई, वर्षभरात आपण इतकं अर्पण दिलंत, आभारी आहोत. पावत्या खिडकीबाई स्वतःच्या हाताने लिहायची. सत्तावन्न लिहिल्या आणि एक लिहिली नाही. कंपाउंडरनी सुरीने पाच-पाच करून पावत्या मोजल्या आणि डोकं खाजवलं.

"एक कमी आहे, बाई."

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तिला ऐकावं लागलं. तिने मुकाट्याने अठ्ठावन्नावी पावती लिहिली. धाकटीला वाटेल नवऱ्याने भरले, नवऱ्याला वाटेल धाकटीने भरले, अशी तिने मनाची समजूत घातली. ती समजूत तिला स्वतःलाही फारशी पटली नव्हती.

रविवारी पावत्या वाटल्या गेल्या. त्या दिवशी आभार मानताना पाळकसाहेबांना भरून आलं. "आपल्यात असंही एक घर आहे," ते म्हणाले, "ज्याच्यावर यंदा संकट कोसळलं, पण एकाही रविवारी त्या घराचं पाकीट रिकामं आलं नाही." नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. चार बोटं गेलेला हात मंडळीत एकच होता, आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. धाकटीचा नवरा अर्धवट उठला, काय करावं ते न कळून पुन्हा बसला.

खिडकीबाईने ते पाहिलं आणि टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले.

सोमवारी दुपारी धाकटी आली. खिडकीबाईच्या दोन खोल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होत्या. जिन्यात पंक्चरच्या गोंदाचा वास भरून राहिलेला असे. धाकटी जिना चढून आली, पण बसली नाही. तिने पावती टेबलावर ठेवली.

"अक्षर तुझंच ना, ताई?"

"हो."

"पंधरा हजार सहाशे. मी अठरा रविवार दिले. पाच हजार चारशे झाले. नंतर चौतीस रविवार पाकीट रिकामं टाकलं, माझ्या हाताने चिकटवून. मग वरचे दहा हजार दोनशे कोणाचे?"

खिडकीबाईने मान खाली घातली. "मोजणीतलं बाहेर—"

"चुलीत घाल तुझी मोजणी!" धाकटी ओरडली. पन्नास वर्षांत तिने ताईपुढे आवाज चढवला नव्हता. खाली दुकानातली ठोकठोक थांबली. "तू भरलेस ना?"

"हो."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. तुझा नंबर यादीत जाऊ नये म्हणून. बाबांचं नाव वाचलं होतं, तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. तुला नाही आठवत..."

"मला बाबा आठवत नाहीत, ताई. मला घरभाडं आठवतं. पोरीची फी आठवते. दुसरा हप्ता सहा हजार दोनशेचा होता. आठव्या महिन्यात मागितला, दहाव्या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत थांबले कॉलेजवाले बिचारे. मग नाव काढलं. तुला सुट्टी म्हणून सांगितलं मी. सुट्टी नाहीये. कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसते ती. तुझ्यासारखी. नोटांची तोंडं एका बाजूला करून."

खिडकीबाईच्या डोक्यात, तिची इच्छा नसताना, हिशोब झाला. तीनशे गुणिले एकवीस, सहा हजार तीनशे. एकविसाव्या पाकिटालाच हप्ता पुरा झाला होता. मुदत संपायच्या चार रविवार आधी.

"मला सांगायचं होतंस," ती कशीबशी म्हणाली. "एका शब्दाने सांगायचं होतंस."

"सांगत नव्हते तर काय करत होते?" धाकटीचा आवाज आता खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "तोंडाने सांगायला गेले की तू बचतीचं विचारायचीस. म्हणून पाकिटाने सांगितलं. तूच शिकवलंस ना वर्गात, रिकामं टाका, लाज कसली? कंपाउंडर नाणी मोजतात. पाकिटं तू फोडतेस. ते तुझ्याच हातात पडणार, हे मला माहीत होतं. मी देवाला नाही पाठवलं ते. तुला पाठवलं. तीन रविवार झाले, तशी चौथ्या दिवशी मी घर झाडलं. चांगली खुर्ची पुसून ठेवली, पाळकसाहेब येतील म्हणून. आठवडाभर पुसत होते. कोणी आलं नाही. मग तू आलीस, आणि उद्याच्या डब्यात काही पडतंय का, विचारलंस."

खिडकीबाईने टेबलावरची पावती उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"मग मला वाटलं, तू मुद्दाम करतेयस. बचत केली नाही म्हणून मला शिकवतेयस. तरी टाकत राहिले. म्हटलं, बघू किती रविवार हिला दया येत नाही." तिने डोळे पुसले. "तुला दया येत होती, ताई. आणि ती तू ताटात टाकत होतीस."

खिडकीबाई उठली, फळीवरचा उद्याचा डबा काढला आणि झाकण न उघडताच तसाच पुढे धरला.

"नको," धाकटी म्हणाली. "रागाने नाही म्हणत. पण तिची जागा गेली. आज हे घेऊन मी काय करू?" आणि ती जिना उतरून गेली. पावती टेबलावरच राहिली.

खिडकीबाईने डबा जागेवर ठेवला. चपला घातल्या, पावती घेतली आणि भर उन्हात चालत पाळकसाहेबांकडे गेली. कंपाउंडरना बोलावून घ्यायला सांगितलं, कारण वहीतली नोंद बदलायची तर दोघं लागतात. मागच्या खोलीत तिने वही उघडली, लाल शाईचं पेन काढलं आणि एकोणिसाव्या रविवारपासून एक्केचाळीसपुढचा तीनशेचा आकडा रेघ मारून खोडला आणि शेजारी शून्य लिहिलं. मग विसावा. मग एकविसावा. कंपाउंडर प्रत्येक शून्यापुढे सही करत होते, आणि आज पहिल्यांदाच वाचून करत होते. पाळकसाहेब आधी काही विचारणार होते. मग त्यांच्या लक्षात येत गेलं. 'पाकीट येतंय, साहेब' हे तिचं वाक्य त्यांना आठवलं असावं, कारण ते एकदम खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

चौतीस शून्यं लिहायला बराच वेळ लागतो. दुमडलेल्या पाकिटातला काळोख प्रत्येक शून्याला तिला पुन्हा दिसत होता. शेवटचं शून्य लिहून तिने पेन बंद केलं आणि नियमाप्रमाणे पाळकांपुढे उभी राहिली. मान खाली, मध्ये जाळी असल्यासारखी.

"पाकीट एक्केचाळीस," ती म्हणाली. "चौतीस रविवार झाले."

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की पुढचा शब्द ओठांतच राहिला. कंपाउंडरनी चांगला कान पुढे केला.

"काय म्हणालात, बाई? भरलेलं?"

"नाही," खिडकीबाई म्हणाली, आणि आता तिने मान वर केली. "रिकामं. माझ्या बहिणीचं पाकीट रिकामं येत होतं, आणि मला ते पहिल्या रविवारपासून माहीत होतं."